माळेतला एक दिवा गेला तरी माळ कशी चालू राहते? मुंबईच्या विजेची गोष्ट

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास ठाकूरद्वारच्या चाळींमधले पंखे थांबले, चर्नी रोडच्या लोकल थांबल्या, मुलांची ऑनलाइन शाळाही बंद पडली. आधी प्रत्येकाने आपल्याच घरचा फ्यूज बघितला असणार. पण जवळपास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. कळवा-पडघा-खारघर भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागोमाग बंद पडल्या होत्या.

मुंबईला बाहेरून वीज आणायला वाटा कमी, हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. त्यानंतर ज्या प्रकल्पाला वेग आला तो म्हणजे वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंतची ८० किलोमीटरची डीसी लाइन. क्षमता १,००० मेगावॅट, आणि त्यातले सुमारे ५० किलोमीटर जमिनीखालून. शहरात नवे टॉवर उभे करायला जागा आहे कुठे?

पण आपल्या घरात येते ती एसी वीज. त्यामुळे एका टोकाला एसीची डीसी करायची आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एसी. हे काम करतो कन्व्हर्टर. अशा लाइनसाठी आजकाल मल्टिलेव्हल कन्व्हर्टर वापरतात. त्यात शेकडो छोटे डबे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक डब्यात एक कपॅसिटर आणि काही इलेक्ट्रॉनिक स्विच. डबा चालू केला की व्होल्टेज एक पायरी चढतं, बंद केला की एक पायरी उतरतं. पायऱ्या इतक्या बारीक की जिन्याऐवजी जवळजवळ गुळगुळीत लाट तयार होते.

आता खरी अडचण. लोहार चाळीतून आणलेली दिव्यांची जुनी माळ आठवा. एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात, आणि मग टेबलावर चढून एकेक दिवा हलवत बसायचं! इथेही डबे माळेसारखेच जोडलेले आहेत. शेकडो डब्यांपैकी एखादा कधी ना कधी बिघडणारच.

म्हणून प्रत्येक डब्याला एक बायपास स्विच असतो. डबा बिघडल्याचं कळताच तो काही मिलिसेकंदांत बंद होतो आणि वीज त्या डब्याला वळसा घालून पुढे जाते. आपल्या एसीचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे घरी कुणाला पत्ताही लागत नाही. गरजेपेक्षा थोडे जास्त डबे आधीच बसवलेले असतात, ते मेलेल्या डब्याचा भार उचलतात. नाहीतर उरलेल्यांवरचं व्होल्टेज वाढून तेही लवकर जातील. बिघडलेला डबा पुढच्या देखभालीच्या वेळी बदलायचा.

मात्र ही सोय डब्यापुरतीच. केबलच तुटली तर जादा डबे काही करू शकत नाहीत, लाइन बंदच करावी लागते. २०२० मध्येही बिघाड वाहिन्यांच्या पातळीवर होता. त्यामुळे कन्व्हर्टर कितीही दणकट असला, तरी शहराला दुसरी वाट लागतेच.

ठाकूरद्वारला वीज देते बेस्ट, आणि ही लाइन पोचते आरेला. मग गिरगावकरांना काय? शहराचं जाळं आतून एकमेकांना जोडलेलं आहे, एकीकडे आलेली वीज दुसरीकडचा ताण हलका करते. शिवाय चंद्रपूर-पडघा या १९९९ च्या डीसी लाइनच्या जुन्या तंत्राला समोर चालू ग्रिड लागतं. हे नवं तंत्र अंधारातल्या ग्रिडलाही पुन्हा उभं करू शकतं.