इंजिनाची तहान

द्राय आनेन होने नावाचं गाव शोधायला निघालात तर फसाल. गाव असं नाहीच, आहे ते स्टेशन. जर्मनीच्या मध्यावर हार्झ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या उत्तर पायथ्याच्या वेर्निगेरोडेहून मीटर गेजची गाडी सुटते, वळणं घेत चढते, वाटेतल्या एकुलत्या एका बोगद्यातून बाहेर पडते आणि पाऊण तासाच्या आसपास सुमारे 540 मीटर उंचीवर येऊन थांबते. भोवती जंगल, खाण्यापिण्याची सोय, मोटारी लावायला मोकळी जागा. बाकी काही नाही.

नाव ऐकून आपल्याला तीन आणे आठवतात, आणि त्यातले तीन खरेच आहेत. द्राय म्हणजे तीन. आनेन म्हणजे ॲना नावाच्या तिघीजणी. अठराव्या शतकात वेर्निगेरोडेच्या सरदार घराण्याने इथल्या एका खाणीला घरातल्या तीन ॲनांचं नाव दिलं. खाण कधीच बंद पडली, नाव मात्र रुळांना येऊन चिकटलं. पुढची स्टेशनंही नावाच्या बाबतीत कमी नाहीत. नॉर्डहाउझेन शहराकडे जाणाऱ्या वाटेवर एलेंड आणि झोर्गे, म्हणजे आजच्या जर्मनमध्ये दैन्य आणि चिंता. जाणकार म्हणतात, झोर्गेच्या नावात मुळात चिंता नसून सीमा दडली आहे. ब्रोकेन शिखराच्या बाजूला शिर्के लागतं; आपल्याकडच्या शिर्क्यांचा त्याच्याशी संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नॉर्डहाउझेन-वेर्निगेरोडे रेल्वे कंपनी 1896 साली स्थापन झाली. वेर्निगेरोडे ते शिर्के गाडी 1898 च्या जूनमध्ये धावू लागली आणि 27 मार्च 1899 पासून पलीकडे नॉर्डहाउझेनपर्यंत आणि वर ब्रोकेनपर्यंत सगळा मार्ग खुला झाला. दोन्ही वाटा जिथे फुटतात ते द्राय आनेन होने, म्हणजे आपल्या भाषेत जंक्शन. एके काळी स्टँडर्ड गेजचा एक फाटाही इथवर येत असे. 1960 च्या दशकात तो गेला.

पण जंक्शन आहे म्हणून सगळी गर्दी फलाटाच्या टोकाला जमते असं नाही. ती जमते पाण्याच्या नळाशी. इंजिन संथपणे पुढे येऊन नळाशी नेमकं उभं राहतं. फायरमन टाकीवर चढतो, झाकण उघडतो, लोखंडी सोंड ओढून टाकीच्या तोंडावर आणतो आणि पाणी सोडतो. टाकीत साधारण आठ हजार लिटर पाणी मावतं. तेवढ्यात ड्रायव्हर तेलाची बुधली घेऊन खाली उतरतो, चाकांच्या दांड्यांपाशी वाकतो, कुठला सांधा तापलाय का ते हाताने चाचपतो. टाकी भरली की सोंड परत बाजूला वळते आणि तिच्या तोंडातून बराच वेळ पाणी ठिबकत राहतं. मग शिट्टी होते आणि डब्याबाहेर फोटो काढत उभी असलेली माणसं एकाच दाराकडे धावतात.

पाणी इथेच का, याचं उत्तर पुढच्या वाटेत आहे. इथून ब्रोकेन 19 किलोमीटर, आणि स्टेशन 1125 मीटर उंचीवर. चढ काही ठिकाणी 30 ला 1. आपल्या बोरघाटात तो 37 ला 1 आहे, आणि तिथे गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. ब्रोकेनच्या मार्गावर दातेरी रूळही नाही. चाक आणि रूळ यांच्या घर्षणावरच सगळी भिस्त. शेवटी तर रूळ शिखराला दीड फेरा घालून वर पोचतात. मार्ग एकेरी. गाड्यांची परवानगी एका नियंत्रकाच्या हातात असते आणि गाडीचे कर्मचारी त्याला आपला ठावठिकाणा कळवत राहतात. अनेक लहान स्टेशनांत सांधेवाला नाही. स्प्रिंगचे सांधे गाडी गेली की आपोआप मूळ जागी येतात. वर गोएटेवेग नावाच्या क्रॉसिंगवर जागाच इतकी अपुरी, की एका गाडीला बंद टोकाच्या रुळावर मागे सरकून दुसरीला वाट द्यावी लागते.

ही इंजिनं म्हणजे पाच चालक आसांचे धिप्पाड गडी, वेग ताशी 40 किलोमीटर. 1954 ते 1956 दरम्यान बाबेल्सबर्गच्या सरकारी कारखान्यात अशी 17 घडली. कारखान्याला तेव्हा कार्ल मार्क्सचं नाव होतं. पण त्याआधी तो ओरेनश्टाइन आणि कोप्पेल या बर्लिनच्या कंपनीचा होता. नाझींनी ज्यू मालकांना हुसकलं, कंपनीचं नावही पुसलं. नेरळ-माथेरानच्या छोट्या रेल्वेची पहिली इंजिनं याच कंपनीकडून आली. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या गाडीला घाटातली अवघड वळणं झेपावीत म्हणून त्यांचे आस बाजूला सरकणारे केले होते. त्यातलं एक नेरळला उभं आहे. तिथून पुढे जाताना त्या इंजिनाला सांगावंसं वाटतं, की तुझ्या हार्झमधल्या नातेवाइकांना अजून पाणी पाजलं जातं.

मध्यंतरी मात्र वाट तुटली होती. 13 ऑगस्ट 1961 ला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली, आणि ब्रोकेनही लष्कराच्या ताब्यात गेलं, कारण शिखर पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेच्या अगदी काठावर. प्रवाशांची गाडी शिर्केपर्यंतच राहिली, आणि तिथे जायलाही परवाना लागे. तो नसलेल्याला डोंगराची वाट द्राय आनेन होनेलाच संपे. सैनिकांचा माल मात्र 1987 पर्यंत वर जात होता.

1989 च्या डिसेंबरमध्ये लोकांनी चालत जाऊन शिखराचं फाटक उघडायला लावलं. पण रेल्वे पुन्हा सुरू करण्याला निसर्गप्रेमींचा विरोध होता. भोवती नुकतंच राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं होतं. अखेर 15 सप्टेंबर 1991 ला पहिली गाडी वर गेली. 1993 पासून हा कारभार हार्झच्या जिल्ह्यांनी आणि गावांनी मिळून चालवायला घेतला. सगळं जाळं 140 किलोमीटरचं. यात वाफेची इंजिनं टिकली, हे मला विशेष वाटतं. नाहीतर पूर्व जर्मनीच्या रेल्वेचा बेत वेगळाच होता. वाफेची इंजिनं काढून टाकून 30 डिझेल इंजिनांचे गेज बदलून ती इथे आणायची होती. मध्येच उंच केबिन असलेल्या या इंजिनांना लोक हार्झचे उंट म्हणू लागले. 10 झाली, तोच देश संपला. उरलेली 20 आलीच नाहीत.

अलीकडे डोंगर पोपडे निघाल्यासारखा दिसतो. 2018 पासूनच्या कोरड्या वर्षांत स्प्रूसची झाडं सुकली, बाकीचं काम खोडकिड्याने केलं. चिमणीतून उडणारी ठिणगी आता धोक्याची. उन्हाळ्यात वणव्याची सूचना कडक झाली की वाफेचं इंजिन शेडमध्ये ठेवतात आणि एक उंट गाडीला जुंपतात.

उंटाला पाणी लागत नाही. नळाची सोंड त्या दिवशी बाजूलाच वळलेली राहते, आणि प्रवासी तिच्याजवळ जाऊन, कसलीशी वाट पाहत असल्यासारखे, थोडा वेळ उभे राहतात.