मे महिन्यातली विहीर : कोकणकिनाऱ्यावरचे गावकरी आणि पाहुणे

आजचा विषय थोडा अडचणीचा आहे, कारण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण एप्रिल-मेमध्ये कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पाहुणे म्हणून जातात. काहींची तर त्याच किनाऱ्यावर वडिलोपार्जित घरं आहेत. म्हणजे आज ज्या दोन बाजूंबद्दल बोलायचं, त्या दोन्ही बाजू याच सभागृहात आहेत.

पर्यटकांवरून किनाऱ्यावर वाद झाला की त्याची बातमी एका ठरलेल्या साच्यात येते. गाडी वाळूत घातली, भरतीच्या पाण्यात अडकली, मग गावातल्याच ट्रॅक्टरने ओढून काढली. रात्री उशिरापर्यंत स्पीकर लावला. पुळणीवर बाटल्या फोडल्या. फलक लावलेला असताना, गावातले लोक ओरडत असताना पोहायला उतरले, आणि शेवटी जीव धोक्यात घालून पाण्यात उडी मारली ती गावच्याच पोरांनी. पाहुण्यांच्या बाजूनेही तक्रारी असतात. मे महिन्यात खोलीचे दर दुप्पट, रिक्षावाल्याचं मीटर नाही, सुरमईच्या थाळीचा भाव ऐकून जेवण जात नाही. हे सगळं खरं आहे. पण हे वागणुकीचे वाद आहेत, आणि त्यांवर दंडाचा इलाज करता येतो. गोव्याने २०१९ मध्ये तो केलाही. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक मांडणं यासाठी एकट्याला २००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला. दंड हवाच. मात्र समजा उद्यापासून प्रत्येक पाहुणा अगदी सभ्य वागायला लागला, तरी गावातली धुसफूस थांबणार नाही, असं आम्हाला वाटतं. ती का थांबणार नाही, तेवढंच आज पाहू.

उन्हाळ्यात माणसं बाहेरून येणं कोकणाला नवीन नाही. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, नंतर एसटीने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने, मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी गावी येतच होता. तोही पाहुणाच. तोही आंबे-फणस खायला यायचा, मुंबईची ऐट मिरवायचा, आणि गावात त्याची थट्टाही व्हायची. पण त्याच्यावर गावाचा हक्क चालायचा. घर शाकारायचं असेल तर त्याला शिडीवर चढावं लागे. देवळाची वर्गणी चुकत नसे. विहिरीचा गाळ काढायला माणसं कमी पडली तर त्याचा मुलगा खाली उतरे. आणि पाणी तो स्वतः, दोराने, कळशी-कळशीने ओढत असे. या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

आजचा पाहुणा पैसे देतो. तोही प्रामाणिक व्यवहार आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण पैसे दिले की बाकी देणंघेणं संपतं, असं तो धरून चालतो. गावाला मात्र अजून काही बाकी असल्यासारखं वाटत राहतं.

आता मे महिन्याचा विचार करा. शहरातल्या माणसाला हा सुट्टीचा महिना. किनाऱ्यावरच्या घरात वर्षातला सगळ्यात घाईचा महिना हाच. आगोट तोंडावर आलेली असते, पावसाळ्याची बेगमी करायची असते. लाकूडफाटा भरायचा, सोलं वाळवायची, फणसपोळी-आंबापोळी घालायची, सुकी मासळी करून ठेवायची, कौलं चाळायची. लग्नं याच महिन्यात. आंब्याचा शेवटचा तोड याच महिन्यात. १ जूनपासून यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद, आणि बिगरयांत्रिकी होडीलाही त्या दिवसांतला समुद्र सोपा नसतो. त्यामुळे कमाईचे शेवटचे आठवडेही हेच. सुकी मासळी वाळवायला लागते ती वाळू आणि पाहुण्याला खुर्ची टाकायला लागते ती वाळू एकच असते. त्याला मासळीचा वास नको असतो, तिला तिथे त्याची खुर्ची नको असते. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर असतं.

सगळ्यात मोठी अडचण पाण्याची, म्हणून तिथे जरा थांबू या.

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, काही भागांत त्याहूनही जास्त पाऊस पडतो. मग टंचाई कशी, असं घाटावरचा माणूस हमखास विचारतो. एक म्हणजे हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. दुसरं म्हणजे जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपून निघून जातं. डोंगर जवळ, समुद्र जवळ, उतार तीव्र. त्यामुळे विहिरी दिवाळीत तुडुंब असतात आणि अक्षय्य तृतीयेला तळ दाखवायला लागतात. वर्षातला सर्वांत कमी पाण्याचा काळ तोच सर्वांत जास्त पाहुण्यांचा काळ. उन्हाळी पर्यटन इथे हमखास टंचाईच्या तोंडावर येऊन आदळतं.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं गणित आणखी निराळं आहे. वाळूच्या पट्ट्याखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दह्यावर साय असावी तसं. गोडं पाणी थोडं हलकं, म्हणून ते वर राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच आणि जर्मन अभियंत्यांनी याचा हिशेब मांडला, त्याला घायबेन-हर्झबर्ग सूत्र म्हणतात. ढोबळमानाने असं, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असतं. ऐकायला छान वाटतं. पण उलट बाजूने वाचा. वरची पातळी उपशाने एक फूट उतरली, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला वाव मिळतो. ते एका दिवसात येत नाही. हळूहळू येतं, आणि एकदा आलं की एका पावसात मागे हटेल याची खात्री नसते. विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागतं. माणसं बाटलीचं पाणी आणतील. पोफळीला बाटलीचं पाणी कुठून घालणार? माड एक वेळ थोडं खारं सोसतो, पोफळ सोसत नाही. श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या बागायतदाराला हे सांगायला कोणी अभियंता लागत नाही.

म्हणून ती कळशी महत्त्वाची. दोराने पाणी ओढणाऱ्याला दंड दुखले की आपोआप थांबावं लागतं, आणि दोर दर दिवशी किती लांब सोडावा लागतो हेही त्याच्या हाताला कळतं. पंप बसला, गच्चीवर टाकी आली, की ही दोन्ही माहिती नाहीशी झाली. शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाला विहीर दिसतच नाही. तो उधळ्या आहे असं नाही. त्याच्या घरी नळाला जसं पाणी येतं तसंच इथे येतं, मग त्याला कळणार कसं? रोज बदलायच्या चादरी, टॉवेल, भरलेली टाकी, हे सगळं त्याच सायीतून चाललेलं असतं. वर वाळूतच शोषखड्डे, आणि त्यांच्यापासून विहिरी फार लांब नसतात.

गंमत म्हणजे कायद्याला हे आधीच कळलं होतं. १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत, म्हणजे ज्याला आपण सीआरझेड म्हणतो त्यात, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशाला मनाई होती. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात उपसा करायचा तर साध्या विहिरीतून, हाताने, आणि पिण्यासाठी, बागायतीसाठी, शेतीसाठी किंवा मासेमारीसाठीच. हा नियम इतका कडक होता की खुद्द गावकऱ्याचा पंपही त्यात बसत नव्हता. त्यामुळे झालं काय, की ज्याच्या रक्षणासाठी नियम केला तोच पहिला नियम मोडणारा ठरला, आणि शेजारी वीस खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहिलं तेव्हा बोट दाखवायला त्याला तोंड उरलं नाही. आमच्या मते किनाऱ्यावरच्या बऱ्याच नियमांची हीच गत आहे. वाडीला पाणी देणारा आणि खोल्यांना पाणी देणारा, यांना एकाच मापाने मोजलं की फायदा दुसऱ्याचा होतो.

पाण्याकडून पुळणीकडे येऊ. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला रापण चालते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून कित्येक माणसांनी मिळून ओढायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. याला इंजिन लागत नाही, खोल समुद्र लागत नाही. पण दोन गोष्टी लागतात : लांब, मोकळी पुळण आणि शांत पाणी. नेमक्या याच दोन गोष्टी पर्यटनाला लागतात. जेट-स्की, बनाना बोट, पॅरासेलिंग हे सगळं त्याच उथळ पाण्यात. मासा आवाजाने बिचकतो, आणि रापणकराला जाळं टाकायची जागा मागावी लागते. पुळण कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. पिढ्यान् पिढ्या वापर हाच तिथला हक्क. ज्या हक्काचा कागद नाही तो पहिल्या धक्क्याला डळमळतो.

इथे आपण एक सोपी चूक टाळायला हवी. ‘स्थानिक विरुद्ध बाहेरचे’ असं म्हटलं की सगळे स्थानिक एका बाजूला, असं चित्र उभं राहतं. जेट-स्की चालवणारा मुलगा पुष्कळदा रापणकराच्याच घरातला असतो. बाप दोराला, मुलगा हँडलला. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर तारकर्ली-देवबागसारख्या गावांत या मुलांना गावातच रोजगार मिळाला. मुंबईला चाळीत जाऊन राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं, असं बापही म्हणतो. वाद घरात आहे, जेवायच्या ताटावर आहे. म्हणून मोर्चा निघाला तरी त्यात गावातली सगळी माणसं नसतात.

जमिनीचंही तसंच. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबई-ठाण्यात, काही नातवंडांनी गाव पाहिलेलंही नसतं. विकायचा आग्रह पुष्कळदा तिकडून येतो. म्हणजे पूर्वी जो चाकरमानी घर शाकारायला शिडीवर चढायचा, त्याचाच नातू सही करून मोकळा होतो. त्याला दोष देणं सोपं आहे. गावात राहून वाडी शिंपणाऱ्या चुलतभावाने त्याला इतक्या वर्षांत वाट्याचे नारळ तरी पाठवले का, असं तोही विचारू शकतो. सरकारी संपादनाची गोष्ट निराळी. शिरोडा-वेळागर किंवा तोंडवळी-वायंगणी इथे मोठ्या पर्यटन प्रकल्पांना विरोध झाला, तेव्हा गावं बरीचशी एकत्र उभी राहिली, कारण विकणारा घरातला नव्हता.

विकलेल्या जमिनीवर पुढे काय होतं ते अलिबागला पाहावं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने जाता येतं. बंगले शनिवार-रविवारी उघडतात, बाकीचे दिवस तिथे राखणदार. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ज या मासेमारीच्या जुन्या गावाने यावर २०१६ मध्ये सार्वमत घेतलं, आणि मोठ्या बहुमताने ठरवलं की नवं बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. नियम नव्या घरांपुरताच. जुनी घरं सुट्टीसाठी घेण्याची वाट मोकळीच राहिली. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे : प्रश्न विचारला गेला, आणि तो तिथे राहणाऱ्यांना विचारला गेला.

आपल्याकडे असं कुठेच होत नाही का? मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येतात, गावातल्याच घरांत उतरतात, घरात जे शिजतं ते जेवतात, आणि पिल्लं समुद्रात सोडायची वेळ होईल तेव्हा, सांगतील तिथे दोरीमागे उभे राहतात. कधी पिल्लं निघतच नाहीत, मग नुसता समुद्र पाहून परत. तक्रार फारशी कोणी करत नाही. वेळ कासवाची, रीत गावाची, हे आधीच ठरलेलं असतं. अर्थात वेळासला कासवं आहेत. सगळ्या गावांना अशी आयती शिस्त लावणारा प्राणी मिळत नाही.

मग बाकीच्या गावांनी ठरवायचं कुठे? जागा आहे : ग्रामसभा. कुठल्या विहिरीवर खोल्यांसाठी पंप लावू नये, पुळणीचा कुठला भाग सकाळी रापणीला मोकळा ठेवायचा, मासळी कुठे वाळेल, हे गावाने मिळून ठरवायचे विषय आहेत. रिवाजाने एक ग्रामसभा १ मे रोजी असते, विहिरी तळाला गेलेल्या असताना. पण तो ऐन हंगामाचा दिवस. ज्यांच्याकडे खोल्या आहेत ते पाहुण्यांच्या नाश्त्यात, होडीवाले समुद्रात, आणि बंगल्यांचे मालक तर मतदारच मुंबईचे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते. मग पुढची मोठी सभा १५ ऑगस्टला. तेव्हा माणसं जमतात, पण विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात आणि पाण्याचा विषय कोणी काढत नाही.