सण जातो, वजन राहते

वसंत व्याख्यानमालेत दिवाळीच्या फराळाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. कारण एवढेच की फराळाचे डबे केव्हाच घासून फळीवर गेले, पण त्यांतील काही भाग अजून आपल्या कमरेवर आहे. आणि मे महिन्याची सुटी पुढे उभी आहे.

सुटीच्या दिवसांत काशीदला जाऊन पाहावे. अलिबाग–मुरूड रस्त्यावरचे हे गाव. सुमारे तीन किलोमीटर पांढुरकी वाळू, मागे सुरूची झाडे. मुंबई-पुण्याचा पाहुणा गाडीतून उतरतो तो थेट टपरीवर भजी खायला. दुपारी सुरमईचे ताट, वर मोदक; संध्याकाळी पुन्हा टपरी. समुद्र तो खुर्चीत बसूनच पाहतो.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सुटीविरुद्ध बोलणे आम्हाला शोभणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळवली. कष्टाने मिळालेली सुटी शरीराला विसावा देण्यासाठी असते, त्याला नवा भार देण्यासाठी नव्हे.

हा भार किती? अमेरिकेत १९५ प्रौढांची वजने घेऊन केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सणांच्या दोन महिन्यांत सरासरी वाढ निघाली ३७० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड पाव. पण हे वाढलेले वजन पुढच्या महिन्यांत उतरले नाही. दर वर्षी असेच चालले तर दहा वर्षांत पावणेचार किलो होतात. खरी फसगत येथे आहे. एका दिवसाच्या मेजवानीने माणूस जाड होत नाही. न फेडलेली थोडी थोडी बाकी साचत जाते.

आपल्याला हे अधिक जाचते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे माप जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रजाच्या अंगात चरबी सुमारे नऊ टक्के, तर डॉक्टरांच्या अंगात एकवीस टक्के. सडपातळ दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये.

त्यात बैठे काम. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा जेरी मॉरिस यांनी अभ्यास केला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होता. पुढे गणवेशांची मापे पाहिली, तर चालकांच्या विजारींची कंबरही मोठी निघाली.

आमच्या संघटनेतही एक चालक होते. दर सणाला त्यांचा पट्टा एक भोक सैल होई, आणि आम्ही सगळे हसत असू. पन्नाशीच्या आत मधुमेह निघाला, दृष्टी अधू झाली, आणि गाडी सुटली. भांडून पर्यायी काम मिळवले, पण चालकाचा भत्ता गेला तो गेलाच. तेव्हापासून आम्ही हसत नाही.

मग करावे काय? फराळ सोडावा असे आम्ही म्हणत नाही. एक ग्रॅम साखरेतून चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातुपातून नऊ. म्हणून तळणीवर विशेष नजर ठेवावी. डबा पुढ्यात घेऊन बसू नये. बशीत वाढून घ्यावे आणि डबा बंद करावा. चार दिवसांचा सण चार दिवसांत संपवावा. काशीदला गेल्यावर भजी किंवा मोदक, एकच निवडावे. आणि किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यावे. मऊ वाळूत चालायला टणक रस्त्याच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते. ही तालीम फुकट आहे.

शेवटचा उपाय वजनकाट्याचा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २७२ जणांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नाताळात आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला आणि कोणता पदार्थ जिरवायला किती चालावे लागते हे पाहायला सांगितले, त्यांचे वजन इतरांच्या तुलनेत सुमारे अर्धा किलो कमी राहिले.

संघटनेत आम्ही दर महिन्याला जमाखर्च मांडतो, तेव्हाच गळती कळते. शरीराचा हिशेबही सुटीआधी एकदा आणि सुटीनंतर एकदा मांडावा. बाकी लहान असते तोवरच ती फेडता येते.