सबनीस आणि कारखाननीस

मुक्ताईनगरास एदलाबाद म्हणत असत त्या काळी बऱ्हाणपुराच्या वाटेने ज्या फौजा या मुलखातून गेल्या, त्यांच्या सरदारांची नावे आपल्याला पाठ असतात; परंतु त्या फौजांतील शिपायांच्या पोटाची व पगाराची तजवीज ज्यांच्या लेखणीने होई, त्यांचे स्मरण आपण ठेवले नाही, हा मोठाच अन्याय होय.

शिवछत्रपतींच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका प्रतीचे अधिकारी असत, असे बखरकार सभासद सांगतो. हजेरी व हिशेब सबनिसाकडे, तर अंबारखान्यातील धान्य आणि इतर सामग्रीचा जमाखर्च कारखाननिसाच्या विद्यमाने चाले. म्हणजे शिपाई मोजणारा आणि दाणा मोजणारा हे निरनिराळे, आणि या विभागणीतच त्या राज्याची खरी शिस्त होती, असे माझे मत आहे. पागेत पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई, तेव्हा दाणा, वैरण व औषधे आधीच सिद्ध असत. दसऱ्यास कूच करताना लहानथोर प्रत्येकाची बिशाद, म्हणजे जवळची चीजवस्तू, लिहून घेत आणि परतल्यावर तिच्याशी ताडून जे अधिक निघे ते त्याच्या वेतनाच्या हिशेबी धरीत. पगाराऐवजी गाव तोडून देण्याची चाल महाराजांनी मोडली. पगाराची बाकी राहिलेली रक्कम वराता, म्हणजे वसुलावरच्या चिठ्ठ्या, देऊन फेडली जाई. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीस धाडलेल्या पत्रात तर दाणावैरण बेताने न वापरल्यास ऐन पावसाळ्यात घोडी मरतील आणि लोक रयतेस उपद्रव देऊ लागतील, हे महाराजांनी स्वतः बजावले आहे.

मात्र नुसत्या विभागणीने शिपायाचे पोट भरत नाही. अमेरिकेतील वसाहतींनी १७७५ साली वॉशिंग्टनच्या फौजेसाठी पगाराचा एक व रसदेचा दुसरा असे स्वतंत्र अधिकारी नेमले, तरी १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत शिपाई अन्नवस्त्रावाचून हालात राहिले. कारण पदे निर्माण झाली तरी खजिना व वाहतूक त्यांच्या मागे उभी नव्हती. आपल्याकडेही मराठेशाहीच्या उत्तरकाळात सरंजाम वाढले, हजेरी व खरी शिबंदी यांत अंतर पडले आणि भाडोत्री अरब थकलेल्या पगारासाठी धन्याच्याच दाराशी धरणे धरू लागले.

या लेखणीच्या कारभाराची साक्ष जुन्या कागदांतच मिळते; पेशवे दफ्तराचे मोडी कागदांचे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. खानदेशातील ज्या घरांत असे जुने कागद पडून असतील, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत, अशी विनंती आहे.