बदामीचे तांबडे डोंगर आणि आपला मोबाइल

मागच्या वेळी आपण हप्त्यांची वही कशी लिहायची ते बोललो होतो. आज बोलायचंय डोंगराच्या फोटोबद्दल. हसू नका! सांगोल्याचं नाव काढलं की २०२२ पासून सगळ्या महाराष्ट्राला झाडी आणि डोंगर आठवतात, पण आपल्याकडे दोन्ही बेताचंच आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे माळ आहे, डाळिंबाच्या बागा आहेत आणि बहुतेक वर्ष कोरडी पडलेली माण नदी आहे. म्हणून डोंगर बघायला आम्ही बदामीला गेलो.

खरं तर गेलो ते बनशंकरीच्या दर्शनाला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. पौषात तिची यात्रा भरते, शाकंभरी पौर्णिमेला रथ निघतो. सोलापूरहून होटगी, विजापूर, बागलकोट असं करत रेल्वे थेट बदामीला जाते. आम्ही गटातल्या अकराजणी निघालो. देवीचं देऊळ गावापासून चार-पाच किलोमीटरवर. दर्शन झालं, ओट्या भरल्या आणि दुपारी बाराच्या सुमारास गावात परत आलो. समोर ते लालभडक कडे बघितले आणि आमच्यातली एक मावशी म्हणाली, "आवं ताई, ह्यो डोंगर हाय का भाजलेल्या इटांचा ढीग?"

मावशीचं फार चुकलं नव्हतं. आपला काळा दगड लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बदामीचा दगड त्याहून कितीतरी जुना आणि जातीनंच वेगळा. तो वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड. जुन्या काळी पाण्याबरोबर वाहत आलेली वाळू थरावर थर साचत गेली, दाबली गेली आणि घट्ट झाली. त्या वाळूत लोखंडाचा अंश आहे. खिळा गंजला की तांबडा होतो ना, तसाच हा रंग. कड्याजवळ उभं राहिलं की ते थर दिसतात, पातळ भाकऱ्या एकावर एक रचल्यासारखे. उभ्या भेगांतून पाणी उतरून दगड झिजतो, त्यामुळे मधेच अरुंद घळी झाल्या आहेत. हाच दगड कोरायला सोपा, म्हणून चालुक्यांनी सहाव्या शतकात इथं लेणी खोदली. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे.

आता फोटोचं ऐका. त्या दुपारी आम्ही दोन तासांत तीनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन बघितले तर कडा पांढुरका, आभाळ त्याहून पांढरं, आणि आम्हा सगळ्यांची तोंडं काळी. डोळ्यांनी जे लाल बघितलं होतं ते एकाही फोटोत नाही. फोन वाईट आहे असंच आम्हाला वाटलं. फोन ठीक होता, वेळ चुकली होती.

दुपारचं ऊन डोक्यावरून सरळ खाली पडतं. थरांच्या सावल्याच पडत नाहीत, त्यामुळे कडा सपाट भिंतीसारखा दिसतो. सकाळी सूर्य उगवल्यावर तासभर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी तासभर ऊन तिरपं येतं. तिरप्या उन्हात प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उमटते. शिवाय त्या वेळी उजेडच पिवळा-केशरी असतो, आणि तांबड्या दगडावर तो पडला की कडा आतून पेटल्यासारखा दिसतो. बदामीत अगस्त्य तळं आहे, त्याच्या पूर्व टोकाला भूतनाथाचं देऊळ, आणि गाव पश्चिमेला. म्हणजे संध्याकाळचं ऊन गावाच्या बाजूनं येऊन थेट देवळावर आणि मागच्या कड्यावर पडतं. तळ्याच्या गावाकडच्या काठावर उभं राहायचं, ऊन आपल्या पाठीवर घ्यायचं आणि समोर बघायचं. वारा नसेल तर खाली पाण्यात दुसरा डोंगर फुकट मिळतो.

पुढच्या वर्षी आम्ही मुक्कामाला गेलो, फक्त ह्या एका तासासाठी. घरच्यांना सांगताना मात्र देवीचंच नाव पुढे केलं.

फोनमध्ये करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आधी भिंग पुसा. स्वयंपाकघरातून उचललेल्या फोनवर तेलाचं बोट असतंच, आणि त्यामुळे सगळा फोटो धुक्यात गेल्यासारखा येतो. पुसायला सुती मऊ कापड घ्या, जरीचा पदर नको. मग पडद्यावर डोंगराच्या उजळ भागावर बोट टेकवा. बाजूला छोटा सूर्य येतो, तो बोटानं थोडा खाली ओढा. उजेड कमी होतो आणि पांढरा पडलेला रंग परत येतो. आमच्या अकराजणींपैकी नऊजणींना हा सूर्य माहीतच नव्हता, चार-चार वर्षं फोन वापरून! सेटिंगमध्ये आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, ती चालू ठेवा म्हणजे तळ्याचं पाणी एका बाजूला सांडल्यासारखं दिसत नाही. दोन बोटांनी चित्र मोठं करून काढू नका, दाणे फुटतात. जमेल तेवढं पायांनी पुढे जा. कोपरं पोटाशी धरली की हात हलत नाही. लेण्यात अंधार असतो, तरी फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशनं मूर्ती चपटी दिसते, आणि तिसऱ्या लेण्यात जुन्या रंगकामाच्या खुणा उरल्यात, त्यांनाही तो बरा नाही.

फोटोत माणूस असू द्या. नुसता कडा काढला तर तो वीस फूट की दोनशे, बघणाऱ्याला कळत नाही. पायऱ्यांवर एक बाई लांब उभी केली की डोंगराची उंची आपोआप कळते. साडीचा रंगही बघा. तांबड्या दगडापुढे लाल साडी हरवते. हिरवं इरकल मात्र काय उठून दिसतं! इरकल म्हणजे इळकलचं, आणि आपला चोळीचा खण येतो तो गुळेदगुड्डचा. दोन्ही गावं ह्याच बागलकोट जिल्ह्यातली. आपल्या आज्यांच्या अंगावर हा मुलूख होताच, आम्ही फक्त तो बघायला उशिरा गेलो.

आणि माकडं! बदामीची माकडं हातातलं हिसकावतात. फोनला दोरी लावून गळ्यात घाला आणि खाण्याची पिशवी उघडी धरू नका. कड्याच्या टोकाला पाठ करून सेल्फी तर नकोच. वाळूचा दगड कडेला भुसभुशीत असतो, पावसाळ्यात निसरडाही.

ह्या डोंगरांचे फोटो फार जुन्या काळापासून निघतात. १८५५ साली मुंबई सरकारनं नेमलेले कॅप्टन थॉमस बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळे असे फिरले. तेव्हा मेण लावलेल्या कागदावर फोटो उठायचा आणि एकेका फोटोला बराच वेळ कॅमेरा हलवता यायचा नाही. बाई कॅमेरा घेऊन फिरली ती खूप नंतर. होमाई व्यारावाला मुंबईत शिकल्या, पुढे मोठ्या वृत्तछायाचित्रकार झाल्या, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले. आमच्या गटात अजून पाचजणींचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला जुनी वाटत नाही.

आता ह्याचा आपल्या घराला काय उपयोग, ते सांगतो. आमच्या एका सदस्येच्या डाळिंब बागेवर गारपीट झाली. मालक बाहेरगावी होते, म्हणून तिनं स्वतःच फोटो काढले. फुटलेलं फळ जवळून, दुसरं फळ जवळून, असे चाळीस. पाहणीला आलेल्या माणसानं विचारलं, "हे तुमच्याच बागेतलं कशावरून?" फोटोत ना झाड, ना बांध, ना विहीर. तोवर तिनं पडलेली फळं उचलून बाग साफ केली होती. ती गप्प बसली. कर्ज तिच्या नावावर होतं.

बदामीत आम्ही शिकलो ते नेमकं इथं लागतं. आधी दहा-वीस पावलं मागे जाऊन पूर्ण रान घ्या, त्यात ओळखीची खूण येऊ द्या: विहिरीचं कठडं, टाकी, मागची टेकडी, देवळाचं शिखर. तीच खूण ठेवून दुसऱ्या बाजूनं काढा. मग झाडाशेजारी माणूस उभा करून एक, आणि शेवटी फळ जवळून. कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर तारीख आणि जागा फोटोबरोबर राहते. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला तर बारीक होतो आणि ती नोंदही जाते, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. आमच्या गटाचं संक्रांतीचं कॅलेंडर ह्याच चुकीनं राहिलं. छापखान्यानं सांगितलं, एवढ्याशा फोटोतून तळहाताएवढंच चित्र निघेल.

त्या सदस्येनं यंदा बहर धरला तेव्हाच बागेचे फोटो काढून ठेवलेत, पश्चिमेच्या टेकडीसकट. संध्याकाळी पाच वाजता काढलेत आणि फार देखणे आलेत. तिच्या मुलीनं त्यातला एक पडद्यावर लावलाय.

पौषात पुन्हा निघतोय. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारच्या बाजाराच्या दिवशी गटाच्या बैठकीत नावं द्या. फोन स्वतःचा आणा, चार्ज करून आणा.