मटका आणि खापर : द्यूतवाचक शब्दांचा एक विचार

नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा या ग्रामनामात ऐकू येणारा 'खापर' हा शब्द भाषाभ्यासकाच्या परिचयाचा आहे. संस्कृत 'खर्पर', प्राकृत 'खप्पर', मराठी 'खापर' हा क्रम 'कर्म, कम्म, काम' या क्रमाइतकाच नियमबद्ध होय. मडके फुटले की ते मडके राहत नाही, त्याचे खापर होते. वस्तूची अवस्था पालटताच भाषा तिला निराळे नाव देते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत एक मडके असे निघाले की, ते नाहीसे झाले तरी त्याचे नाव गेले नाही. ते म्हणजे जुगारातील 'मटका'.

या नावाचे वैशिष्ट्य 'कॅसिनो' या शब्दाशी तुलना केली असता स्पष्ट होते. इटालियन भाषेत 'कासा' म्हणजे घर. 'कॅसिनो' हे त्याचेच लघुत्वदर्शक रूप. ज्या धंद्याचे नाव घरावरून पडले, त्याचे प्राक्तनही घराशी बांधलेले असते. लास वेगास येथे १९४१ साली सुरू झालेल्या 'एल रांचो वेगास' या कॅसिनोची मुख्य इमारत, बेल्डन कॅटलमन हे मालक असताना, १७ जून १९६० रोजी आगीत भस्मसात झाली. तो कॅसिनो पुन्हा उभा राहिला नाही. घर जळाले, तेव्हा धंदाही संपला.

मुंबईत याच सुमारास निराळेच घडत होते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात निघणाऱ्या व उतरणाऱ्या भावांवर येथे पैजा लागत. १९६१च्या सुमारास तो आधार तुटला. मूळचे कच्छचे कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत, व रतन खत्री यांनी १९६४ साली 'न्यू वरळी मटका' या नावाने, आकड्यांचा स्वतंत्र खेळ चालविला. मडक्यातून चिठ्ठी काढण्याच्या रीतीवरून त्यास 'मटका' हे नाव मिळाले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. मडके गेले, 'मटका' राहिला. त्याचप्रमाणे कापसाचा संबंध सुटल्यावरही भावांचे 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द टिकले. या धंद्यास जळण्याजोगे घर नव्हते. तो तोंडी निरोपावर, दूरध्वनीवर आणि कागदाच्या चिटोऱ्यावर चाले. भाषा हेच त्याचे घर होते.

त्या घरातील क्रियापदे विशेष लक्षणीय आहेत. आकडा 'लावतात', आणि तो 'लागतो'. रोप लावतात, आंबा लागतो, तशीच ही जोडी. 'लावणे' या क्रियेस कर्ता आहे. 'लागणे' या क्रियेत तो लोपतो, आणि फळ जणू निसर्गानेच दिले असे वाटते. प्रत्यक्षात एका अंकासाठी शून्य ते नऊ अशा दहा शक्यता असतात. रुपयास नऊ रुपये हा भाव धरला, तर दहाही अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्याच्या हाती नऊच रुपये येतात. उरलेला रुपया कोणी घेतला, हे 'लागला नाही' या वाक्यात कोठेही येत नाही. कामगाराच्या रोजातून निघून गेलेला पैसा अशा रीतीने वाक्यरचनेतच अदृश्य होतो.

कायद्याचा प्रवासही या दृष्टीने बोधप्रद आहे. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची मध्यवर्ती कल्पना 'जुगाराचे घर' ही होती. पुढे त्यात आलेल्या १२-अ या कलमाने जुगारास साह्य करणारी पत्रके व माहिती प्रसृत करणे यावरही बोट ठेवले. म्हणजे कायद्यास घराकडून शब्दाकडे वळावे लागले. उलटपक्षी, घरावर आधारलेल्या कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही व २०२३ साली तो रद्द झाला.

मराठीत दोष दुसऱ्याच्या माथी मारण्यास 'खापर फोडणे' म्हणतात. हरणारा आपल्या हानीचे खापर नशिबावर फोडतो. कारण त्याच्या भाषेने त्याला दुसरा कर्ता दाखविलेलाच नसतो. शब्दार्थाच्या अभ्यासाने तो कर्ता वाक्यात परत आणता आला, तर त्या अभ्यासाचे सामाजिक प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.