भाव पडले म्हणून खाण बंद करावी काय?



भाव पडला म्हणजे काय होते, हे ऊसवाल्याला कोणी शिकवायला नको. २०१८ साली साखर उदंड झाली, गोदामे भरली, दर उत्पादनखर्चाच्या खाली गेला आणि उसाची बिले थकली. तेव्हा केंद्र सरकारने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये केला. आज हाच प्रश्न एका निराळ्याच धंद्यात उभा आहे. तो धंदा बॅटरीच्या खनिजांचा.

मोबाईल आणि विजेवरच्या गाड्या यांच्या बॅटरीला लिथियम, निकेल, कोबाल्ट, ग्राफाइट अशी खनिजे लागतात. विदर्भाला हा विषय अगदीच परका नाही. टॉर्चच्या सेलला मँगनीज लागते, आणि त्या कामाचे मँगनीज भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला नागपूरची ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी काढते.

मंदी कशी आली?

२०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेला होता. २०२४ उजाडले तेव्हा तो एक लाखाच्या आसपास आला. म्हणजे सहा रुपयांचा माल एक रुपयाला! कारण आपल्या ओळखीचेच आहे. उसाला भाव मिळाला की सगळेच लागण करतात आणि ऊस सगळ्यांचा एकदम तोडणीला येतो. खाणींचेही तसेच झाले. फरक एवढाच, की ऊस बारा ते अठरा महिन्यांत तयार होतो, खाणीला कित्येक वर्षे लागतात. निकेलमध्ये इंडोनेशियाचा स्वस्त माल आला आणि ऑस्ट्रेलियात बीएचपी कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपले निकेलचे काम थांबवले.

कोणी म्हणेल, खनिज स्वस्त झाले तर बॅटरी स्वस्त होईल. मग सरकारने पदरचा पैसा का घालावा? गोम अशी, की ही खनिजे शुद्ध करण्याचा बराचसा धंदा चीनच्या हातात आहे. इतरांच्या खाणी बुडाल्या की विकणारा एकच उरतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटारीतल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्याकडच्या वाहन कारखान्यांनाही त्याची झळ लागली.

आधाराचे तीन प्रकार

पहिला प्रकार हमीभावाचा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने एमपी मटेरियल्स या कंपनीला चुंबकाच्या धातूसाठी किलोला ११० डॉलरचा भाव दहा वर्षे बांधून दिला. बाजारभाव कमी पडला तर फरक सरकार भरणार. साखरेच्या किमान दराचा भार गिऱ्हाईक उचलते, येथे तो सरकारी तिजोरीवर आहे.

दुसरा प्रकार ऑस्ट्रेलियाचा. जुलै २०२७ पासून तेथे खनिज शुद्ध करण्याच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम करातून परत मिळेल. आधी काम, मग पैसे.

तिसरा आपल्या देशाचा. २०२१ मध्ये केंद्राने बॅटरी सेलसाठी १८,१०० कोटींची योजना केली. तिचे पैसे सेल तयार होऊन विकले गेल्यावरच मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचे राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर झाले. ‘काबिल’ या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनात लिथियमचे पाच पट्टे घेतले. तिच्यात नागपूरच्या मिनरल एक्सप्लोरेशन कंपनीचाही वाटा आहे.

नुसत्या पैशाने भागत नाही

स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट कंपनीला भांडवल मिळाले, सरकारी मदतही मिळाली. पण ठरल्याप्रमाणे सेल बनवणे जमले नाही आणि मार्च २०२५ मध्ये तिचे दिवाळे निघाले. मदत उत्पादनाला बांधलेली नसेल तर पैसा जातो आणि कारखानाही जातो.

आपला संबंध काय?

केंद्राने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत लिथियमबरोबर पोटॅश आणि फॉस्फरसही आहेत. आपल्या चिखली भागात ऊस असो, कापूस असो की सोयाबीन, पोटॅशचे पोते सगळ्यांनाच लागते, आणि ते जवळजवळ सगळे परदेशातून येते. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत उरलेले स्पेंट वॉश जाळले, की राखेत पोटॅश मिळते. सरकारने २०२१ पासून या खताला अनुदान लागू केले. जानेवारी २०२४ च्या सरकारी माहितीप्रमाणे देशात अशी पाच लाख टन राख विकली जात होती आणि दहा-बारा लाख टनांपर्यंत जाणे शक्य होते. म्हणजे हे खनिज काही अंशी आपल्या उसातूनच निघते.

तेव्हा अशा योजनांची बातमी वाचली, की तीन गोष्टी पाहाव्यात: मदत कशावर मिळते, किती वर्षे मिळते आणि तिचा भार कोण उचलतो. बिल थकल्याची झळ ज्याने सोसली, त्याला हा हिशेब मांडायला जड जाऊ नये.